मानाचे तीन आटे

खैरमाळला पाणी दुपारी दोनला येतं आणि चारला जातं. आज हे कुणीही सहज बोलून जातं, पण सहा वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला धरून भगताकडे नेलं असतं. तेव्हा पाणी जावयासारखं यायचं. आलं तर आलं, नाही आलं तर का म्हणून विचारायची सोय नाही.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या शिवेवरची ही योजना. कागदावरचं नाव ‘सोनखोरे व चौदा गावे प्रादेशिक नळपाणी पुरवठा योजना’. नदीचं पाणी उचलायचं, सोनखोऱ्याच्या पंपघरात शुद्ध करायचं, मोठ्या टाकीत भरायचं आणि तिथून पंधरा गावांना सोडायचं. खैरमाळ सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात उंचावरचं. खालच्या गावांचे व्हॉल्व्ह बंद झाले तरच पाण्याला जोर येतो आणि ते डोंगर चढतं. हे व्हॉल्व्ह उघडायचं-मिटायचं काम महिपत वॉलमनकडे होतं, आणि महिपत म्हणजे लोण्याचा गोळा. ‘महिपत, घरात बारसं हाय रे, अर्धा तास ऱ्हाऊ दे,’ असं सोनखोऱ्यातून कुणी म्हटलं की तो लोखंडी चावी भिंतीला टेकवून चहाला बसायचा. खाली कुणाचं ना कुणाचं बारसं असायचंच. वर खैरमाळात बायका रिकाम्या हंड्यांशी बसून राहायच्या आणि दिवस कलला की झऱ्याची वाट धरायच्या.

मग कपाट आलं. खरं तर ते पॅनेल. पंपघराच्या भिंतीला लागून उभं केलेलं, आत तारा, कार्डं आणि एक छोटा पडदा. प्रत्येक व्हॉल्व्हवर मोटर बसली आणि घड्याळाच्या ठोक्याला कपाट एकेका गावाचा व्हॉल्व्ह मिटू लागलं. त्या कपाटावर पहिल्या दिवसापासून ऑपरेटर होती ती खैरमाळच्या धोंडीबाईची मुलगी, सारिका. शहापूरला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन झालेली. तिच्या डोक्यावर चुंबळीने घासून केस पातळ झालेली जागा अजून होती, ती वेणी ओढून झाकायची. कुणी कपाटाला नावं ठेवली की ती म्हणायची, ‘‘कपाटाला मेहुणा नाय, व्याही नाय. त्याच्या घरात कधी बारसं पण नाय.’’ 

तर अशा या कपाटाचा पडदा फेब्रुवारीतल्या एका सकाळी काळा पडला.

सारिकाने झाकण उघडून पाहिलं. तारांच्या जोडावर एक पाल भाजून चिकटली होती. तिने मेन स्विच पाडला, पाल काढली, जोड घासला, पुन्हा आवळला आणि पडदा उजळला. काम अर्ध्या तासाचं, पण त्या अर्ध्या तासात तिने कंपनीला फोन लावला होता, आणि तिथली मुलगी गोड आवाजात बोलली.

‘‘मॅडम, ते मॉडेल आता बनत नाही. तुमचा देखभालीचा पाच वर्षांचा करार मार्चअखेर संपतोय. नवीन पॅनेल हवं असेल तर मेल टाका.’’

‘‘आणि जुन्याचं काय?’’

‘‘जुन्याचं काही नाही, मॅडम.’’

‘‘संदेश सर होते ना, ज्यांनी बसवलं?’’

‘‘ते सोडून गेले. दोन वर्षं झाली.’’

कपाटात शिरायचा पासवर्ड त्या संदेशलाच ठाऊक होता.

ही गोष्ट पाणी समितीच्या अध्यक्षांच्या कानावर घालणं भाग होतं. अध्यक्ष म्हणजे सोनखोऱ्याचे सरपंच हरेश. माणूस वाईट नव्हता. भातगिरण चालवायचा, मोजूनमापून बोलायचा. त्याने सगळं ऐकलं आणि हात झटकले.

‘‘मग एवढा विचार कसला? मार्चला कपाट बंद. महिपत अजून धडधाकट हाय. करील पयल्यासारखा.’’

पहिल्यासारखं! सारिकाला तो शब्द कानफटात बसल्यासारखा लागला. पहिल्यासारखं म्हणजे काय ते हरेशला माहीत नव्हतं, कारण त्याच्या घरी पाणी तेव्हाही येत होतं.

‘‘दादा, मला समितीच्या मीटिंगपर्यंत टाइम द्या,’’ ती म्हणाली. ‘‘हे कपाट पुढली दहा वर्षं कसं चालवायचं ते मी लिहून आणते. कंपनी असो नाय तर नसो.’’

‘‘आणि नाय जमला तर?’’

‘‘तर माझ्या हातानं बंद करीन.’’

बोलून गेली खरी. पण बोललेलं गिळायची तिला सवय नव्हती. त्याच दुपारी तिने सोनखोऱ्याच्या दुकानातून जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली.

संदेशचा नंबर तिने सात जणांकडे विचारून मिळवला. तो आता पुण्याकडे नोकरीला होता, पण घर कल्याणला. रविवारी आसनगाव स्टेशनवर उतरला तेव्हा सारिका स्कूटर घेऊन उभीच होती. कुणी एवढी आठवण ठेवून बोलावलं म्हणून त्याला आधी बरं वाटलं, आणि पंपघरात पोचल्यावर सारिकाने जे प्रश्न विचारले त्याने घाम फुटला. कपाटाची अक्कल कुठे साठवलेली असते? आतल्या बॅटरीत जीव किती? ती मेली तर कपाट सगळं विसरेल का?

‘‘विसरेल,’’ संदेश म्हणाला. ‘‘कोरं होईल.’’

‘‘आणि हे तुम्ही आम्हाला पाच वर्षांत सांगितलं नाय?’’

‘‘कुणी विचारलंच नाही.’’

त्याने पासवर्ड कागदावर लिहून दिला. प्रोग्रॅमच्या दोन प्रती काढून दिल्या. एक पंपघरात आणि एक तालुक्याच्या कचेरीत ठेवायची असं सारिकाने लगेच वहीत लिहिलं. पहिलं काय मरेल, मग काय मरेल, कुठलं कार्ड जुन्या बाजारात अजून मिळतं आणि आत्ताच दोन घेऊन ठेवायला हवीत, हेही त्याने सांगितलं. बॅटरी कधी बदलायची त्याची तारीख तिने झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिली. जाताना संदेश म्हणाला, ‘‘एवढं करून एखाद दिवशी वीज पडली आणि सगळंच जळालं, तर?’’

‘‘तर हातानं.’’

‘‘हाताने कुणाला येतं आता?’’

तेच तर. प्रत्येक व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की मिटतो, कुठला उलटा फिरतो, कुठल्याचा दांडा वाकडा आहे, हे सगळं एकट्या महिपतच्या डोक्यात होतं. पासवर्ड संदेशच्या डोक्यात आणि आटे महिपतच्या. पंधरा गावांचं पाणी या दोन टाळक्यांवर उभं होतं आणि कुणाला त्याची फिकीर नव्हती, याचा तिला मनस्वी राग आला.

महिपत ओटीवर सुतळी वळत बसला होता. सारिकाला पाहून त्याने मान फिरवली.

‘‘कपाट आजारी पडला काय? तवा महिपतची आठवण झाली.’’

‘‘काका, कपाटाला तुमच्याइतकी अक्कल असती तर मी आले असते काय?’’

‘‘गोड नको बोलू गो. पाच वर्षांत कुणी इचारला नाय, म्हातारा जेवला का मेला.’’

‘‘चुकलंच आमचं. आता चला.’’

‘‘कुठं?’’

‘‘पंधराही व्हॉल्व्हवर. तुमी सांगायचं, मी फिरवायचं, मी लिवायचं.’’

महिपतने दोन दिवस आढेवेढे घेतले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच चावी खांद्यावर टाकून पंपघरासमोर येऊन उभा राहिला. माणसाला आपली विद्या कुणीतरी मागावी असं वाटतंच. पुढचे चार दिवस दोघं ऊन चढेपर्यंत फिरले. मोटरची पकड सोडवायची, चावी लावायची आणि सारिकाने मोठ्याने मोजत फिरवायचं. शेवटच्या आट्याला व्हॉल्व्ह दगडावर आपटल्यासारखा अडायचा. मग महिपत चावीच्या दांड्याला कान लावायला सांगायचा. पाणी वाहत असलं तर दांड्यातून चुळचुळ ऐकू येते. नीट मिटला असला तर काही नाही.

‘‘डोळ्यावर नको जाऊ. मिटला का नाय ता कान सांगतो,’’ तो म्हणाला, आणि तेही वहीत गेलं.

चौथ्या दिवशी सोनखोऱ्याचा व्हॉल्व्ह राहिला होता, भातगिरणीच्या मागे. सारिका मोजू लागली. वीस, एकवीस, बावीस, तेवीस.

‘‘बस,’’ महिपत म्हणाला. ‘‘झाला.’’

तिने कान लावला. दांड्यात चुळचुळ होती.

‘‘काका, वाहतंय.’’

‘‘जुना हाय तो. तसाच आवाज करतो. जोर केलास तर दांडा तुटंल.’’

बाकीचे चौदा अडले होते तसा हा अडला नव्हता. चावी अजून हलकी होती. तिने महिपतकडे न बघता पुन्हा हात घातला. चोवीस. पंचवीस. सव्वीस. आणि व्हॉल्व्ह अडला. तिने कान लावला. आत काही नव्हतं.

महिपत खाली बसला होता.

‘‘काका?’’

‘‘मानाचे तीन आटे हायत ते,’’ तो जमिनीकडे बघत म्हणाला. ‘‘पंपघराला जागा सोनखोऱ्यानं दिली. माझ्या आधीचा वॉलमन सांगून गेला, गावाचा मान म्हणून हा व्हॉल्व्ह पुरा मिटायचा नाय, तीन आटे सोडायचे. मी पण सोडले.’’

‘‘आणि कपाट?’’

‘‘तो संदेश आला मोटर बसवायला. मला बोलला, काका, बंद कुठं होतो ता दाखवा. मी तेवीसवर दाखवला. त्यानं तेवढाच मोटरला शिकवला.’’

खैरमाळची टाकी दोन तासांत कधी पाऊणाच्या वर भरली नव्हती. सगळे म्हणायचे, चढ आहे, चढाला पाणी थकतं. तीही तेच म्हणत आली होती. कपाटाला मेहुणा नाय म्हणून ती पाच वर्षं मिरवत होती, आणि मेहुणा पहिल्या दिवसापासून आत बसलेला! तिला महिपतची चीड आली, संदेशची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली. पाच वर्षं त्या पडद्यावर ‘बंद’ असं वाचलं आणि एकदाही इथं येऊन कान लावला नाही.

तिने वही उघडली. महिपतने तिचा हात धरला.

‘‘लिवू नको गो. गाव मला जिता ठेवणार नाय. सव्वीस लिवलास तर हरेश ती वहीच फाडंल. मग कपाट पण गेला आणि तुझा खैरमाळ पण गेला.’’

यात खोटं काहीच नव्हतं. तेवीस लिहिलं तर मीटिंग गुपचूप पार पडली असती आणि खैरमाळला आहे तेवढं पाणी दहा वर्षं मिळत राहिलं असतं. सारिकाने पेन उचललं, सोनखोऱ्याच्या नावापुढे काही न लिहिता रेघ मोकळी ठेवली आणि वही मिटली.

‘‘ही रेघ तुमी भरायची, काका. मीटिंगमध्ये. वही खोटी असली तर दहा वर्षं काय, दहा दिवस पण कामाची नाय. पण खरं सांगायचं तुमच्या तोंडून. मी तुमच्या मागून कुणाला सांगणार नाय.’’

महिपतने व्हॉल्व्ह होता तसा करून ठेवला आणि चावी खांद्यावर टाकली.

वहीत खैरमाळच्या टाकीची उंची मांडायची राहिली होती, म्हणून दोघं वर गेले. वाडीत दोन वाजायला आले होते. धोंडीबाईच्या ओटीसमोरच्या नळकोंडाळ्यावर चार घरांचे हंडे रांगेत होते, घरटी सात. वाडीचा हा नियमच होता. पाणी सात हंड्यांपुरतं येतं, म्हणून आठवा कुणी मांडायचा नाही. आठवा मांडला म्हणजे शेजारणीचा सातवा उचलला.

धोंडीबाईने महिपतला ओटीवर बसवलं आणि तांब्या भरून पाणी दिलं.

‘‘भाऊ, तुमाला वर यायला किती वर्सं झाली! आमची पोरगी तुमच्यावर रागावते, पण मी सांगते तिला, त्यांचा काय दोष? चढच एवढा. सातावर पाणी थकतं, त्याला माणूस काय करंल?’’

महिपतने तांब्या एका दमात संपवला नाही. दोन घोट प्याला, आणि मग तो बराच वेळ दोन्ही हातांत धरून बसला. सारिकाने ते पाहिलं आणि ती टाकीची उंची मोजायला गेली.

मीटिंग दहा मार्चला पंपघरातच भरली. पंधरा गावांचे मिळून वीसेक जण आले होते. सारिकाने वही वाचून दाखवली. पासवर्ड तीन ठिकाणी पाकिटात, प्रोग्रॅम दोन ठिकाणी, कार्डं आत्ताच घेऊन ठेवायची, नवीन पॅनेलचा विचार सातव्या वर्षी सुरू करायचा, कपाट मरायची वाट बघायची नाही. दर गावातल्या दोघांनी व्हॉल्व्ह हाताने चालवायला शिकायचं. आणि मग तिने शेवटचं पान वाचलं.

‘‘खंडेनवमीला आपण कोयता-विळा धुऊन पूजतो, त्या दिवशी त्यांना काम देत नाय. कपाटाला पण त्या दिवशी सुट्टी. सकाळी हार घालायचा, स्विच पाडायचा, आणि दिवसभर पंधरा गावांचं पाणी या वहीवरून हातानं सोडायचं. वर्षातनं एक दिवस. म्हणजे कपाट मेलं तरी आपण मरणार नाय.’’

लोकांना ते पटलं. मागून कुणीतरी ‘नारळ कपाटाच्या बाहेर फोडा म्हणजे झाला’ असं म्हणालं आणि सगळे हसले. हरेशही हसला. वही पुढे ओढून त्याने पानं चाळली आणि त्याचं बोट थांबलं.

‘‘सगळ्यांचे आटे हायत. सोनखोऱ्याची रेघ मोकळी कशी?’’

‘‘ती महिपतकाका भरणार.’’

सगळ्यांच्या माना वळल्या. महिपत भिंतीशी उभा होता. तो पुढे आला, पेन घेतलं, चौथी शिकलेल्या हाताने दोन आकडे काढले आणि वही हरेशसमोर ठेवली.

‘‘सव्वीस?’’ हरेशचा आवाज चढला. ‘‘तेवीस ना?’’

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. सारिकाला धक्का बसला नाही, पण तिने तेही मनात नोंदवलं.

‘‘मिटतो सव्वीसवर,’’ महिपत म्हणाला. ‘‘तेवीसवर आमी मान म्हणून सोडायचो. कपाटाला पण मीच खोटा शिकवला. वीस वर्सं वर पाणी कमी पडतो, ता माझ्यामुळं.’’

खालच्या गावांतले लोक एकमेकांकडे बघू लागले. हरेश उठला. ‘‘जागा दिली आमच्या गावानं. मान गावाचा हाय, तो तू कोण सोडणार?’’

‘‘दादा,’’ सारिका म्हणाली, ‘‘मान हवा ना? पयला नारळ सोनखोऱ्याचा. सकाळी पयली टाकी सोनखोऱ्याची भरायची, तेही वहीत लिहिते. पण दोन ते चार तुमची टाकी भरलेलीच असते. मग ते तीन आटे पाणी जातं कुठं, माहीत हाय काय?’’

हरेश पुन्हा खाली बसला.

‘‘टाकीवरून सांडतं आणि तुमच्याच गिरणीमागं साचतं. मी काल बघून आले. सहा म्हशी लोळत होत्या. गावाचा मान गावाला नाय भेटत, दादा. म्हशींना भेटतो.’’

पंपघरात जो हशा उसळला त्यात सोनखोऱ्याचे लोकही होते, आणि त्यातले दोघं तर त्याच म्हशींचे मालक. हरेशने पुन्हा तोंड उघडलं, पण हसणाऱ्या माणसांपुढे मानापानाची भाषा चालत नाही, हे गिरण चालवणाऱ्याला कळतं. त्याने वही ओढली.

‘‘आधी दाखव,’’ तो म्हणाला. ‘‘सव्वीसवर मीट, आणि आज खरंच फरक पडतो का ता दाखव. नाय पडला तर कपाट बंद आणि वही पण बंद.’’

‘‘दाखवते.’’

एक वाजता सारिकाने सगळ्यांदेखत कपाटाचा स्विच पाडला. पाच वर्षांत पहिल्यांदा पडदा तिच्या हाताने काळा झाला. गावोगावच्या लोकांनी वहीतला आपापला आकडा लिहून घेतला आणि ते आपापल्या व्हॉल्व्हकडे गेले. सोनखोऱ्याच्या व्हॉल्व्हवर महिपत स्वतः गेला. सारिका हरेशला स्कूटरवर मागे बसवून खैरमाळला निघाली.

कोंडाळ्यावर हंडे नेहमीसारखे मांडलेले होते, घरटी सात. दोन वाजता नळ खोकला आणि पाणी आलं. आवाजातच फरक होता. बायका भराभर हंडे सरकवू लागल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी चारही घरांचा शेवटचा हंडा भरला.

पाणी थांबलं नाही.

बायका मागे सरून उभ्या राहिल्या. पाणी दगडावर पडून वाहत होतं आणि कुणी हात पुढे करत नव्हतं. घरात रिकामे हंडे होते, कळश्या होत्या, पण आठवा आणायला कुणी हललं नाही. इतक्या वर्षांचा नियम मोडायचा कुणी? धोंडीबाई नळाकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर आनंद नव्हता, भीती होती.

‘‘आये, मांड,’’ सारिका म्हणाली. ‘‘कुणाचं तुटत नाय. हे तुमचंच हाय. पयल्यापासनं तुमचंच होतं.’’

धोंडीबाई आत गेली आणि हंडा घेऊन आली, पण तो आपल्या नळाखाली ठेवला नाही. तिने तो शेजारच्या म्हाताऱ्या बुधीच्या हातात दिला.

‘‘आधी तुझा,’’ ती म्हणाली.

हरेश बाजूला उभा होता. त्याने खिशातून पेन काढलं, वही मागून घेतली आणि स्कूटरच्या सीटवर ठेवून सही केली. ‘‘उद्या कपाटाला पण सव्वीस शिकव,’’ एवढंच बोलला.

सारिकाने महिपतला फोन लावला.

‘‘काका, आठवा भरतोय.’’

पलीकडे महिपत खाकरला. मग मागून कुणाचा तरी आवाज आला, ‘महिपत, घरात पाव्हणे हायत रे, दोन आटे उघड ना.’

‘‘किती वाजले गो?’’ महिपतने विचारलं.

‘‘साडेतीन.’’

‘‘मग अर्धा तास हाय अजून,’’ तो म्हणाला, आणि फोन कानाला तसाच धरून मागच्या माणसावर ओरडला, ‘‘चार वाजेपर्यंत कुणाचा बाप आला तरी उघडत नाय!’’